आठ हजार उमेदवारांचे रोडगे

"दोन तासांचं काम आहे सर!" शुभंकर म्हणाला.

असं म्हणणारे प्रोग्रामर दोनच प्रकारचे असतात. एक, ज्यांनी ते काम आधी कधी केलेलं नसतं आणि दोन, ज्यांचं लग्न अडलेलं असतं. शुभंकर दोन्ही प्रकारांत मोडत होता.

लग्न अडलं होतं स्वरालीच्या वडिलांपाशी. स्वराली अकोल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिच्यासाठी शुभंकर पुण्याची नोकरी सोडून आला होता आणि ही गोष्ट भेटेल त्याला 'त्याग' म्हणून सांगायचा. वडील, म्हणजे अमरावतीचे वकील हरिहरराव, यांनी तो त्याग शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "त्याग हा पुरावा होत नाही. कायम नोकरीचं नेमणूकपत्र आणा. सही-शिक्क्यासह. मग मुहूर्त पाहू."

सही सूर्यभानजींची हवी होती. शिक्काही त्यांचाच. तो ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायचे, कारण शिक्का दुसऱ्याच्या हातात गेला की कारखाना जातो, असं त्यांच्या वडिलांनी शेवटचा श्वास खर्चून सांगितलं होतं.

सूर्यभानजींची अकोटला कापसाची जिनिंग होती आणि अकोल्यात ऑफिस. शुभंकर तिथं आठ महिने 'तात्पुरता' होता. यंदा जिनिंगमध्ये नवीन मशिनी आल्या, माणसं भरायची होती, म्हणून सूर्यभानजींनी भरतीचं एक महागडं सॉफ्टवेअर घेतलं. घ्यायचं कारण एकच. त्यांचे साडू, दालमिलवाले चंद्रभानजी, यांनी घेतलं होतं. (सूर्य आणि चंद्र एकाच घरचे जावई. सासऱ्यांनी बहुतेक पत्रिका न पाहता पंचांगच पाहिलं असावं.)

सॉफ्टवेअर आलं. ते वापरायच्या फक्त ऑफिसातल्या सीमाताई. अर्ज आला की त्या नीट भरायच्या, नोंदवायच्या. सूर्यभानजी मात्र ते उघडायलाच तयार नव्हते.

"मले काई उघडाचं नाई," ते म्हणाले. "त्यात पासवर्ड मागते. माह्याच कारखान्यात मलेच इचारते, तू कोण म्हून! मले सगळं भिंतीवर पाहिजे. क्रिकेटचा स्कोर दिसते ना, तसं. किती उमेदवार आले, बस!"

"दोन तासांचं काम आहे सर!"

"करून दाखव. इतवारी अकोटले मुलाखती ठेवल्या. आकडा भिंतीवर आला की तुयं पत्र पक्कं."

आता शुभंकरनं काय केलं, ते जरा सांगायला हवं. घाबरू नका, गणित चौथीचं आहे.

भिंतीवरचा टीव्ही चालवायला त्यानं जावास्क्रिप्टमध्ये एक छोटं ॲप लिहिलं. पण ॲप आणि भरतीचं सॉफ्टवेअर यांचं एकमेकांशी बोलणंच नव्हतं, शेतकरी आणि व्यापाऱ्याचं थेट नसतं तसं. मग बाजारात जसा अडत्या लागतो, रुमालाखाली इकडची बोटं दाबून तिकडचा भाव काढणारा, तसा इथं एक ड्रायव्हर लागतो. तो शुभंकरनं बसवला. आता ॲपनं विचारायचं, ड्रायव्हरनं सॉफ्टवेअरच्या पोटात हात घालायचा आणि उत्तर आणून द्यायचं. अडत्यासारखाच तो विचारलं तेवढंच आणतो. प्रश्न मूर्ख आहे का, हे तो सांगत नाही. त्याचं कमिशन त्यात नसतं.

सॉफ्टवेअरच्या पोटात तीन टेबलं, म्हणजे तक्ते, होते. उमेदवार, जागा आणि तालुके. कोणाचा अर्ज कोणत्या जागेसाठी आणि काम कोणत्या तालुक्यात, हे जुळवायला प्रश्नात दोन ओळींची अट होती. चाचणी करताना काहीतरी अडलं, म्हणून शुभंकरनं त्या दोन ओळींपुढं दोन-दोन आडव्या रेघा मारून त्या बंद केल्या. आत्तापुरत्या. आपल्याकडं 'आत्तापुरता' बांधलेला पूल नातवंडं वापरतात, हे तो पुण्यात राहून विसरला होता.

अट नसली की काय होतं? प्रत्येक उमेदवाराची प्रत्येक जागेशी जोडी लागते, आणि त्या प्रत्येक जोडीची प्रत्येक तालुक्याशी. एका मांडवात दहा नवरे आणि दहा नवऱ्या बसवून भटजीनं सगळ्यांची सगळ्यांशी लग्नं लावून द्यावीत आणि वर आकडा सांगावा, शंभर लग्नं झाली!

शुभंकरनं टीव्ही लावला. आकडा आला.

८०६४.

सूर्यभानजी खुर्चीतून उठले. चष्मा काढला, पुसला, लावला. आकडा तिथंच होता.

"आठ हजार?"

"चौसष्ट," शुभंकर म्हणाला. "सर, मी एकदा तपासून…"

"तपासतं काय बे? टीव्हीवर आलं ना!" सूर्यभानजींनी फोन उचललाही होता. "हॅलो, चंद्रभानजी! तुमच्या भरतीले किती आलते हो? दोनशे? अस्सं! आमच्याकडे आठ हजार!"

पलीकडून आवाज इतका मोठा आला की फोन स्पीकरवर नव्हता, यावर विश्वास बसेना. "आठ हजार? अकोटात माणसं तरी हायेत काय तेवढे?"

"इतवारी येऊन मोजा!"

शुभंकरनं सीमाताईंना फोन लावला. खरा आकडा त्यांच्या डोक्यात असणार होता. पण सीमाताई भावाच्या लग्नाला मोर्शीला गेल्या होत्या आणि जाताना, 'मेलं कोणी तरी फोन करू नका,' असं सांगून फोन बंद करून गेल्या होत्या. आठ हजार आले तर काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

इकडं सूर्यभानजींच्या मनात वेगळंच चाललं होतं. आठ हजार माणसं आपल्या दारी येणार. दारी आलेला माणूस उपाशी गेला, तर वऱ्हाडात ते पाप. आणि आठ हजार माणसं उपाशी गेली, तर ती साडूच्या दालमिलपर्यंत बातमी.

"रोडगे करा!" त्यांनी हुकूम सोडला.

अकोटचे नत्थुजी म्हणजे रोडग्यातला शेवटचा शब्द. गोवऱ्यांच्या आगीत कणकेचे रोडगे असे भाजायचे, की वरून दगड आणि आतून लोणी! ते बोलावणं आलं म्हणून अकोल्याला आले, आकडा ऐकला आणि खाली बसले.

"मालक, भंडारा हाय काय?"

"नाई. मुलाखत हाय."

"मुलाखतीले जेवण?"

"मंग? उपाशी पोटी माणूस खरं बोलते काय?"

नत्थुजींनी यावर विचार केला. त्यांना ते पटलं. "मंग वांग्याची भाजी झणझणीत करतो," ते म्हणाले. "म्हणजे अजून खरं बोलतीन."

त्यानंतरचे काही दिवस अकोट तालुक्यात वांगं मिळालं नाही. गोवऱ्या मिळाल्या नाहीत. लोकांनी घरच्या गोवऱ्यांवर पहारे बसवले. एसटीच्या डेपोला जादा गाड्या सोडण्याची विनंती गेली. मैदानाच्या परवानगीच्या अर्जावर 'अंदाजे उपस्थिती आठ हजार' वाचून पोलीस ठाण्यातल्या साहेबानं नम्रपणे विचारलं, "मागण्या काय आहेत तुमच्या?"

"मागणी त्यायची हाये," सूर्यभानजी म्हणाले. "आमी मुलाखत घेऊन राहिलो."

"अच्छा," साहेब म्हणाला आणि बंदोबस्त दुप्पट केला.

शनिवारी सकाळी शुभंकर उमेदवारांची नावं टीव्हीवर आणायला बसला. पहिलं नाव आलं, अमोल, फिटर. दुसरं नावही अमोल, फिटर. तिसरंही. शुभंकरला वाटलं, अकोटकडं हे नाव फार चालत असावं. मग सगळ्या अमोलांचा मोबाइल नंबर एकच निघाला, आणि शुभंकरच्या लक्षात आलं की हा एकच अमोल आहे आणि तो एकशे सव्वीस वेळा आलेला आहे.

त्यानं स्वरालीला फोन लावला आणि बंद केलेल्या दोन ओळींसकट सगळं सांगितलं.

"जागा किती आहेत?" तिनं विचारलं. फसलेल्या प्रयोगाबद्दल विद्यार्थ्याला विचारतात, त्या आवाजात ती बोलत होती.

"नऊ."

"तालुके?"

"चौदा."

"नऊ गुणिले चौदा, एकशे सव्वीस. आठ हजार चौसष्टला त्यानं भाग." तिनंच भागलं. "चौसष्ट! शुभंकर, तू चौसष्ट माणसांसाठी ट्रकभर कणीक मळवतोयस?"

"मी कुठं मळवतोय? नत्थुजी मळवून राहिले!"

"जा आणि सांगून टाक."

"पत्र जाईल स्वराली."

"आणि उद्या मैदानात कळलं तर?"

"तरी जाईल. पण एक दिवस उशिरा."

"बाबांना मी उद्या अकोटला घेऊन येतेय," स्वराली म्हणाली. "त्यांना म्हटलं, आठ हजार अर्जांच्या कारखान्यात आमचा माणूस आहे, बघायला चला. तेवढ्यात तू काय ते कर."

शुभंकर अकोटची बस पकडून मैदानावर पोचला. तिथं मांडव होता. मांडवावर मांडव होता. टेकडीएवढ्या कणकेच्या परातींसमोर सूर्यभानजी सेनापतीसारखे उभे होते.

"सर, तो आकडा जरा…"

"वाढला?!"

"नाही सर, तो…"

"मंग काहून सांगून राहिला? वाढला की सांग!"

"सर, माझं ऐका, तो आकडा खरं म्हणजे…"

"नत्थुजी, हे पोट्टं घाबरलं!" सूर्यभानजी मायेनं म्हणाले. "याले एक रोडगा द्या. गरम द्या. तूप टाका."

रोडगा तोंडात असताना सत्य सांगता येत नाही. ही शुभंकरची चूक म्हणता येणार नाही. रोडगा फारच छान झाला होता.

रविवार उजाडला. स्टेजवर मोठा पडदा लावला होता आणि त्यावर ८०६४ हा आकडा दोन माणसांच्या उंचीनं झळकत होता. समोर खुर्च्यांचं शेत पसरलं होतं. शेताच्या पुढच्या दोन ओळींत काही मुलं बसली होती. इस्त्रीचे शर्ट, हातात फाइल, गळ्याशी बटण. एक-दोघी मुली. शुभंकरनं अमोलला शोधून काढलं आणि त्याच्या मागं पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"तुम्ही… एकटेच आलात?"

"हो जी. कोनाले आणाचं होतं का?" अमोल घाबरून म्हणाला.

वेळ झाली. वेळ टळली. खुर्च्यांचं शेत तसंच पडीक राहिलं. चंद्रभानजी पांढऱ्या गाडीतून उतरले, त्यांनी पडद्याकडं पाहिलं, खुर्च्यांकडं पाहिलं आणि साडूकडं पाहिलं.

"बाकीचे जमिनीतून येऊन राहिले काय?"

सूर्यभानजींच्या चेहऱ्याचा रंग वांग्याकडं झुकला. "येतीन ना! एसटी लेट हाये!"

"आठ हजारांची एसटी?"

मागच्या रांगेत स्वराली होती. शेजारी हरिहरराव, काळ्या कोटाशिवायही काळ्या कोटात असल्यासारखे. स्वराली शुभंकरकडं एकटक पाहत होती. आणि त्या नजरेनं शुभंकरला ते धैर्य आलं, जे कालच्या रोडग्यानं गिळलं होतं. त्यानं स्टेजमागं जाऊन लॅपटॉप उघडला. त्या दोन ओळींपुढच्या आडव्या रेघा काढल्या. अट परत लागू झाली. ड्रायव्हर गेला, सॉफ्टवेअरच्या पोटात हात घातला आणि खरं उत्तर घेऊन आला.

पडद्यावर आकडा हलला.

६४.

मैदानात गोवऱ्या तेवढ्या तडतडल्या. मग चंद्रभानजी हसायला लागले. ते खुर्चीला धरून हसले, खुर्ची सोडून हसले, शेवटी मांडवाच्या खांबाला मिठी मारून हसले. "साडूबुवा! चौसष्ट माणसं! अन् रोडगे आठ हजार! माणशी सव्वाशे! लोकं नोकरीले येऊन राहिले की शिक्षेले?"

सूर्यभानजी सावकाश वळले. शुभंकरकडं पाहिलं. सरकीत निघालेल्या किड्याकडं पाहतात, तसं.

"सर, चूक माझी आहे," शुभंकर म्हणाला. "पहिल्यापासून चौसष्टच होते."

"तू," सूर्यभानजी म्हणाले, "उद्यापासून…"

वाक्य पुरं व्हायच्या आत वारा फिरला.

सकाळपासून वारा मैदानातून शेताकडं वाहत होता. तो आता गावाकडं वळला. आणि त्याच्याबरोबर आठ हजार भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, फोडणीतली मिरची आणि तूप यांच्या वासाचा सगळा लवाजमा अकोटच्या गल्ल्यांत शिरला. वऱ्हाडात रोडगे कोणाचे, कशासाठी, हे कोणी विचारत नाही. पंगत कुठी, एवढंच विचारतात.

पहिल्यांदा बंदोबस्ताचे शिपाई जेवायला बसले. मग शेजारच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची सगळी मंडळी, गुरुजींसकट. मग बाजारातली माणसं, मग त्यांनी फोन केलेली माणसं. तेल्हाऱ्याकडून ट्रॅक्टर भरून आले. डेपोनं मागितल्याप्रमाणं जादा गाड्या सोडल्या होत्याच. त्या आल्या, रिकाम्या झाल्या, आणि मग कंडक्टर आणि ड्रायव्हरही उतरले. एका गाडीत लग्नाचं वऱ्हाड होतं. ते चुकून उतरलं, जेवलं, आणि आता लग्नाला जायला अंगात जोर नाही म्हणून मांडवातच आडवं झालं.

तासाभरात खुर्च्या दिसेनात. माणसंच माणसं! नत्थुजी घामानं निथळत ओरडत आले, "मालक, पत्रावळी संपल्या! आठ हजार गेल्या! अजून मागून राहिले!"

सूर्यभानजी हळूहळू ताठ झाले. दोन इंच, चार इंच. साडूकडं वळून म्हणाले, "मोजा."

चंद्रभानजींच्या तोंडात रोडगा होता. ते मोजू शकले नाहीत.

मग सूर्यभानजींची नजर पडद्यावर गेली. तिथं अजून ६४ होतं. ते कडाडले, "अन् तुयं मशीन काय दाखवून राहिलं बे? चौसष्ट? डोये फुटले काय त्याचे?"

"सर, उमेदवार चौसष्टच आहेत! हे तर नुसते जेवायला…"

"जेवाले आला तो उमेदवार नाई काय? मागून तं राहिला ना काहीतरी! सकाळी बरोबर होतं. तू हात लावला अन् बिघडवलं!"

"सर, अहो, सकाळचं चुकीचं होतं…"

"माह्या डोयाले आठ हजार दिसून राहिले अन् तू मले चूक म्हणतं?"

एवढ्यात हरिहरराव तिथं येऊन पोचले. चार रोडगे झालेला वकील जितका सौम्य होतो, तितके ते सौम्य होते. "तुमच्याकडं पाहण्यालायक एक कागद आहे असं कळलं," ते म्हणाले. "याच्या नेमणुकीचा."

सूर्यभानजींनी खिशातून शिक्का काढला, हातात तोलला. "देतो ना. आधी आकडा नीट करा म्हणा याले."

शुभंकर लॅपटॉपपाशी गेला. सत्य आणि स्वराली यांच्यामध्ये फक्त चार आडव्या रेघांचं अंतर होतं. दुसऱ्या कोणा मोठ्या माणसाच्या आयुष्यात अशा वेळी विचारांचं वादळ उठतं म्हणे. शुभंकरनं दोन-दोन रेघा मारल्या आणि बटण दाबलं.

८०६४!

आठ हजार माणसांनी तुपाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. तुपामुळं आवाज नीट आला नाही, पण भावना पोचली. शिक्का पडला. हरिहररावांनी पत्र दोनदा वाचलं, उजेडाला धरलं आणि म्हणाले, "पुरावा सबळ आहे. मुहूर्त पाहू."

गर्दी जराशी पांगल्यावर स्वराली हळूच शेजारी आली.

"लाज वाटते?"

"वाटते."

"किती?"

"एकशे सव्वीस पट."

सोमवारी सीमाताई मोर्शीहून हजर झाल्या. तेल्हाऱ्याच्या एका मुलाचा निरोप आला होता, घरच्या शेतीचं पाहायचं ठरलं, अर्ज मागं घेतो. त्यांनी नियमाप्रमाणं त्याचा अर्ज काढून टाकला. एक बटण दाबलं, चहा प्यायला गेल्या.

शुभंकर कायम नोकरीच्या पहिल्या दिवशी, नव्या शर्टात, खुर्चीवर जेमतेम टेकला होता, तोच आतून गर्जना झाली. "शुभंकर!"

सूर्यभानजी टीव्हीसमोर उभे होते. भिंतीवर ७९३८ होतं.

"काल आठ हजार चौसष्ट होते. रातोरात सव्वाशे माणूस गेला कुठी?"

"सर, तो एक जण…"

"एक जण? सव्वाशे म्हटलं मी! समजलं मले. साडूनं फोडले! काल जेवता जेवता डोये फिरवूनच राहिला होता तो. तू आता आपला माणूस हायेस, शिक्क्याचा. जीप घे अन् जा. सम्दे घेऊन ये!"

"कुठून आणू सर?"

"सीमाताई म्हणते, तेल्हाऱ्याचे होते."

अकोटच्या पुढं, तेल्हाऱ्याच्या रस्त्यावर शुभंकरनं एकदा मागं वळून जीपची सीट पाहिली. दाटीवाटीनं बसवले तरी सहाच मावले असते. उरलेल्या एकशे वीस जणांचं काय करायचं, याचा तो खरोखरच विचार करत होता.